चौदा कॅरेटची रेघ

माझ्या टेबलावर एक काळा दगड आहे. तळहाताएवढा, कडा झिजलेल्या, एका अंगाने गुळगुळीत. येणारे-जाणारे त्याला पेपरवेट समजतात, आणि खरं सांगायचं तर मीही त्याचा तसाच वापर करतो. ती आमच्या आजोबांची कसोटी. घरात त्यांना अण्णा म्हणत आणि गावात शेट. तळकोकणातल्या एका बाजाराच्या गावात त्यांचं सोनारकामाचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पडवी. तिथे एक शेगडी, फुंकणी, चिमटे, तार ओढायची जंत्री आणि मांडी घालून बसलेले अण्णा.

दागिना दगडावर घासला की रेघ उमटते. शेजारी माहितीतल्या सोन्याची रेघ ओढायची, वर तेजाबाचा थेंब सोडायचा आणि कुठली रेघ टिकते, कुठली फिकी पडते ते बघायचं. अण्णांना तेजाबसुद्धा लागत नसे, नुसत्या नजरेने सांगायचे, असं म्हणतात. (म्हणतात, कारण मला समजायला लागलं तोवर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.)

सोनाराच्या नातवाने सरकारवर बोट ठेवण्याआधी एक कबुली देऊन टाकलेली बरी. ‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही म्हण शाळेत पोरं माझ्याकडे बघून म्हणायची. सोनार सख्ख्या बहिणीच्या दागिन्यातलंही सोनं मारतो, हे तर सगळा गाव मानायचा, आणि गाव अगदीच खोटं बोलत नसतो. तराजूवर आणि कसावर कुणाची तरी नजर असावी, याला माझा कधीच विरोध नव्हता. आमच्या घरात जे झालं ते नजरेच्या पुढचं होतं.

९ जानेवारी १९६३. चीनशी झालेल्या युद्धाला जेमतेम दोन महिने उलटले होते. बायकांनी संरक्षण निधीत बांगड्या काढून दिल्या होत्या. आमच्या आजीनेही एक अंगठी दिली होती, आणि ते ती शेवटपर्यंत अभिमानाने सांगायची. त्या दिवशी भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. अर्थमंत्री होते मोरारजी देसाई. यापुढे चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचा दागिना घडवायचा नाही. दागिन्यांखेरीज घरात जे सोनं असेल, लगड म्हणा, चीप म्हणा, ते सरकारला कळवायचं. सराफांना परवाना लागणार.

यामागचा हिशेब वेड्या माणसाचा नव्हता. देशाकडे परकीय चलनाची चणचण होती. सोन्याची आयात बंद, तरीही ते समुद्रमार्गे येत होतं. गोवा पोर्तुगीजांकडे असेपर्यंत ते आमच्या बाजूच्या घाटवाटांनीही यायचं. चोरून आलेल्या प्रत्येक तोळ्यामागे देशाचं चलन बाहेर झिरपायचं. मोरारजीभाईंनी विचार केला की दुखणं तस्करीत नाही, हावेत आहे. सोनंच कमअस्सल केलं की बायका ते मागणार नाहीत, मागणी मेली की तस्करी आपोआप मरेल. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मुंबई राज्यात दारूबंदी आणतानाही ते असेच प्रामाणिक होते. त्या प्रामाणिकपणाची आठवण म्हणून आपल्याकडे अजूनही रस्तोरस्ती ‘परमिट रूम’च्या पाट्या आहेत, आणि आतल्या गिऱ्हाइकांपैकी कितीजणांच्या खिशात परमिट असतं हे आपण सगळे जाणतो.

चौदा कॅरेट म्हणजे चोवीसातले चौदा भाग सोनं, उरलेलं तांबं-चांदी. शंभरात अठ्ठावन्न. दिल्लीत बसून हा फक्त आकडा दिसतो. शेगडीसमोर बसलेल्याला तो धातूच वेगळा लागतो. बावीस कॅरेटचा पत्रा हातोडीखाली लोण्यासारखा पसरतो. चौदाचा चार ठोक्यांत कडक होतो, पुन्हा लाल करायचा, पुन्हा ठोकायचा, आणि एवढं करून कडेला चीर पडते. बोरमाळेचा मणी आतून पोकळ असतो. पातळ पत्र्याच्या दोन वाट्या ठोकून, जोडून तो होतो. तो या सोन्यात होईना. सांध्याला डाग देताना टाकणखार घालून फुंकणी मारली तर रंग काळवंडायचा. अण्णांनी वर्षानुवर्षं कमावलेला हात एका सकाळी निकामी झाला. आणि हे सगळं जमलं असतं तरी घेणार कोण? लग्नाच्या मंगळसूत्राच्या वाट्या चौदा कॅरेटच्या करायच्या म्हटल्यावर एका मुलीच्या आईने दुकानात सुनावलं होतं, ‘‘शेटनू, ह्यां सोना नाय, ह्यां पितळ.’’

ते वर्ष अण्णांनी कसं काढलं ते घरात तुकड्या-तुकड्यांनीच ऐकायला मिळालं. काही महिने शेगडी थंड होती. ते आजीच्या भावाच्या वाणसामानाच्या दुकानात पुड्या बांधायला बसले. गुंजेचा फरक ओळखणारा माणूस पावशेर डाळ मोजायचा. देशभरातून सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या, संसदेत त्यावर प्रश्न विचारले जात होते. बेकार झालेल्या सोनारांसाठी सरकारने कर्ज, प्रशिक्षण असलं काही-बाही काढलं. आमच्या आळीतल्या एकाने त्यातून पिठाची गिरण टाकली आणि ती बऱ्यापैकी चालली, हेही सांगायला हवं. पण ज्या सरकारने हात कापला त्याच सरकारने पुढे काठी दिली, आणि काठीसाठी अर्ज करायला लावला, यात उपकार कुठला?

काम पूर्ण थांबलं होतं असंही नाही. रात्री चालायचं. गिऱ्हाईक जुन्या पाटल्या पदराखाली घेऊन मागच्या दाराने यायचं, आणि खिडकीला गोणपाट लावून बावीस कॅरेटचेच गोठ व्हायचे. माझे वडील तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. त्यांचं काम ओटीवर बसून मोठ्याने इतिहासाचा धडा वाचायचं. हातोडीचा आवाज झाकायला! कुणी आलंच तर पाठांतर थांबवून खोकायचं. वडील म्हणायचे, मला पानिपत तोंडपाठ आहे ते मोरारजींमुळे.

ही गोष्ट आमच्याकडे गंमत म्हणून सांगितली जायची आणि सगळे हसायचे. मला मात्र हल्ली त्यातली गंमत कमी दिसते. अण्णा सनातनी, पापभीरू माणूस. आयुष्यात त्यांनी क्वचित गुंजभर सोनं मारलंही असेल, पण मारताना आपण चोरी करतोय हे त्यांना पक्कं माहीत असणार. रात्री दुसऱ्याच्या आईच्या पाटल्या तिच्या लेकीसाठी मोडून घडवताना मात्र आपण नेमकं कोणाचं काय चोरतोय, हे त्यांना कळत नव्हतं. तरी खिडकीला गोणपाट होतंच. खऱ्या गुन्ह्याची लाज आणि कागदी गुन्ह्याची भीती एकाच दुकानात नांदायला लागली की पहिली हळूहळू बोथट होते. पुढे काही सोनार तस्करीची बिस्किटं वितळवायला लागले ते एकदम नाही. आधी गोणपाट लावायची सवय झाली होती.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, मोरारजी पायउतार झाल्यावर, गिऱ्हाइकाचं जुनं सोनं मोडून मूळच्या कसात घडवायची मुभा सोनारांना मिळाली. १९६६ साली चौदा कॅरेटची अटच गेली. म्हणजे मुख्य कल्पना तीन-चार वर्षांत फसली, आणि फसली हे सरकारलाही कळलं. मग नियंत्रण संपावं ना? उलट १९६८ साली त्याचा रीतसर कायदा झाला. संकटाच्या काळात आणलेला नियम संकट सरलं म्हणून परत जात नाही. तोवर त्याची कचेरी झालेली असते, कचेरीत टेबलं असतात, टेबलामागे माणसं असतात.

त्या कायद्याखाली अण्णांना एक प्रमाणपत्र मिळालं. आजोबा-पणजोबांपासून सोनार असलेल्या माणसाला सरकारने कळवलं की तू सोनार आहेस. ते फ्रेम करून विश्वकर्म्याच्या तसबिरीशेजारी लावलं होतं. सोबत आली वही. किती सोनं आलं, कुणाकडून आलं, किती गेलं, किती शिल्लक, सगळं लिहायचं.

एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी एक निरीक्षक आले आणि त्यांनी शिल्लक तोलली. वहीपेक्षा काही गुंजा कमी भरली. अण्णांनी समजावलं की साहेब, कानस मारताना कीस उडतो, राखेत जातो, जमिनीत जातो. झारेकरी येऊन दुकानाची धूळ धुऊन त्यातून सोनं काढतो तेव्हा थोडं परत मिळतं. हा धंदाच तुटीचा आहे. साहेब काही वाईट गृहस्थ नव्हते. पोहे खाल्ले, चहा घेतला. कागदावर काय लिहिलं ते ठाऊक नाही, पण पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलीच्या कुड्यांची घडणावळ अण्णांनी घेतली नाही एवढं आजीला आठवत होतं.

या कायद्याला १९६९ साली सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं. हरकचंद रतनचंद बांठिया यांचा तो खटला. कायदा टिकला, पण त्यातली बरीच कलमं घटनाबाह्य ठरली. परवाना द्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी त्यात ‘अर्जदाराची योग्यता’, ‘सार्वजनिक हित’ असे निकष होते, आणि ते फार मोघम असल्याचं न्यायालयाने म्हटलं. मला हा मुद्दा कायद्याच्या भाषेत नीट कळत नाही, पोह्यांच्या भाषेत चटकन कळतो. नियम जितका मोघम, तितकं समोर बसलेल्या माणसाच्या मर्जीला महत्त्व, आणि मर्जी राखायला प्रत्येकाकडे काहीतरी लागतं. अण्णांकडे घडणावळ होती. मोठ्या सराफांकडे मुनीम होते, वकील होते. फॉर्म भरायला एक माणूस पगारावर ठेवला की त्यांचा प्रश्न मिटायचा. अण्णांना मात्र वही लिहायला कामाचा रोज तासभर मोडावा लागे. आर्थिक स्वातंत्र्य म्हटलं की आपल्याकडे लोकांना टाटा-बिर्ला आठवतात. राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) परमिट-लायसन्स-कोटा राजवर तुटून पडायचे तेव्हा त्यांचा स्वतंत्र पक्ष म्हणजे राजेरजवाड्यांचा आणि शेठजींचा, अशी टवाळी व्हायची. पण शेठजी कुठल्याही राजवटीत तगतो. अडतो तो पडवीत बसलेला माणूस.

आणि आजी. तिच्याबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर हा लेख सुरू केला होता.

आजीच्या नावावर काही नव्हतं. घर अण्णांच्या वडिलांच्या नावावर, पुढे अण्णांच्या. माहेरच्या जमिनीत वाटा मागायचा असतो हे तिच्या पिढीला माहीत नव्हतं. बँकेची पायरी ती पहिल्यांदा चढली ती म्हातारपणी. तिचं म्हणावं असं जगात एकच होतं, पाटल्या, एक मोहनमाळ, कुड्या आणि नथ. वडिलांना रत्नागिरीला कॉलेजात घालायचं ठरलं तेव्हा अण्णा नको म्हणत होते. तिने पाटल्या गहाण टाकल्या आणि विषय संपवला. कुणाची सही नाही, जामीन नाही, नवऱ्याची परवानगी नाही. आमच्या घरात पहिला पदवीधर झाला तो त्या पाटल्यांमुळे. म्हणूनच कुणी अर्थतज्ज्ञ सोन्यातल्या गुंतवणुकीला ‘मृत’ म्हणतो तेव्हा मला हसू येतं.

मोडके कानातले, तुटलेली साखळी, एक जुनी पुतळी असं साठलेलं तिने एकदा अण्णांकडून वितळवून घेतलं. पुढे नातसुनेला काहीतरी होईल म्हणून. दोन-अडीच तोळ्यांची, सुपारीएवढी लगड. १९६८च्या कायद्याने दागिने अंगावर घालायला हरकत नव्हती. एका व्यक्तीकडे दोन हजार ग्रॅमच्या वर, कुटुंबाकडे चार हजारांच्या वर गेले तरच कळवायचे, आणि तेवढं सोनं आमच्या अख्ख्या आळीत नव्हतं. पण लगड बाळगायला खासगी माणसाला बंदी होती. म्हणजे तेच सोनं साखळी असताना आजीचं होतं, वितळून गोळा झाल्यावर गुन्हा झालं. ती लगड वीसेक वर्षं उकड्या तांदळाच्या डब्यात तळाशी राहिली. संरक्षण निधीला अंगठी देणारी बाई, स्वतःच्याच मोडक्या कानातल्यांमुळे, कुणी अनोळखी माणूस खळ्यात आला की आधी तांदळाच्या डब्याकडे बघायची.

वडील पुढे समाजवादी झाले. पानिपतानंतर साने गुरुजी, मग सेवा दल, मग मधू दंडवते. आमचा मतदारसंघ राजापूर, तिथून मधू ऊर्फ नाना दंडवते १९७१पासून सलग पाच वेळा निवडून आले, आणि प्रत्येक वेळी वडील प्रचाराला सायकलवरून गावोगाव हिंडले. नाना रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली, याचं तर आमच्याकडे घरच्या कार्यासारखं कौतुक. नियंत्रणावरून वडिलांचे आणि अण्णांचे वाद व्हायचे. वडील म्हणायचे, देशाची गरज मोठी की बायकांची हौस? अण्णा वादात कच्चे. ते एवढंच म्हणायचे, ‘‘देशाक सोना हवा तर माग मेल्या, दिलां नाय काय? पण वही कित्याक?’’

१९८९च्या डिसेंबरात विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री झाले. १९ मार्च १९९०ला त्यांनी अर्थसंकल्प मांडला आणि सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करणार म्हणून जाहीर केलं. या कायद्याने ठरवलेलं साधलं नाही, उलट कारागिरांना जाच झाला, अशी ती कबुली होती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये कायदा गेला. मुक्त अर्थव्यवस्थेचे म्हणून ओळखले जाणारे मोरारजी तो आणतात आणि कोकणातला समाजवादी प्राध्यापक तो काढतो, हे मला फार आवडतं. वडिलांनी ती बातमी अण्णांना दोनदा वाचून दाखवली. आवाजात आपल्या नेत्याचा अभिमान होता आणि थोडी खालची मानही.

अण्णा तेव्हा सत्तरी पार केलेले, हात थरथरणारे. काम जवळजवळ बंदच होतं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, ‘‘मग आता वही कोणाक द्यायची?’’

कुणालाच द्यायची नव्हती. ते त्यांना पटेना. पुढचे कित्येक महिने एखादी नथ दुरुस्तीला आली, साखळीची कडी जोडून दिली, तरी ते चष्मा लावून वहीत नोंद करायचे. वजन, तारीख, गिऱ्हाइकाचं नाव. शेवटची नोंद त्यांच्या मृत्यूच्या तीन आठवडे आधीची आहे. कायदा जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. ती वहीही माझ्याकडे आहे, पण ती टेबलावर ठेवाविशी वाटत नाही.

नंतरचं ठाऊकच आहे. १९९२मध्ये परदेशस्थ भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोनं आणायची मोकळीक मिळाली, आणि जे काम पोलिस, तटरक्षक आणि निरीक्षकांच्या फौजेला तीस वर्षांत जमलं नाही ते बऱ्याच अंशी झालं. राजरोस मिळायला लागल्यावर चोरून कोण आणणार? मग २०१३ साली रुपया घसरला, आयातशुल्क दहा टक्क्यांवर गेलं, वर आयातीतलं वीस टक्के सोनं निर्यातीसाठी ठेवायची अट आली. लगेच विमानतळांवर बुटांत, इस्त्रीत, आणखी कुठेकुठे लपवलेल्या सोन्याच्या बातम्या सुरू झाल्या. २०२२मध्ये शुल्क पंधरा टक्के, २०२४मध्ये सहा. माझ्या परिचयाचे एक सराफ म्हणतात, सरकारला सोन्याचा राग आला की दुबईच्या विमानांना गर्दी होते.

मी अराजकवादी नाही. हॉलमार्क सक्तीचा झाला तेव्हा मला बरंच वाटलं. २०२१पासून टप्प्याटप्प्याने तो लागू झाला, आता हॉलमार्कच्या प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरी-आकडी क्रमांक असतो. दुकानदार बावीस सांगून अठरा कॅरेट गळ्यात मारत असेल तर त्याला पकडणं हे सरकारचंच काम आहे. ते काम म्हणजे अण्णांच्या दगडाचं काम. आहे ते सांगायचं, तुला काय हवं ते तू बघ. चाळीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्यांना त्यातून सूट आहे, म्हणजे कुणाला तरी पडवीतला सोनार आठवला होता. मोरारजींच्या नियमाने मात्र दगडाचं काम केलंच नाही. सोनं किती शुद्ध आहे हे न सांगता, तुला किती शुद्ध हवं असावं हे त्याने सांगितलं.

ती खोड पुरती गेलेली नाही. २०१६च्या नोटाबंदीनंतर लोक घाबरले तेव्हा प्राप्तिकर खात्याने खुलासा केला की झडतीत विवाहित स्त्रीकडचे पाचशे ग्रॅम, अविवाहित स्त्रीकडचे अडीचशे आणि पुरुषाकडचे शंभर ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त होणार नाहीत. हेतू धीर देण्याचाच होता, आणि नियमही जुनाच. पण माझी आत्या जन्मभर अविवाहित राहिली. पेपर वाचून ती म्हणाली, ‘‘म्हणजे सरकारच्या लेखी मी निम्मी.’’

आजीची लगड १९९३ साली डब्यातून बाहेर आली आणि माझ्या लग्नात बायकोच्या पाटल्या झाल्या. गावातल्याच एका सोनाराने उजेडात, पुढच्या दाराने घडवून दिल्या.

गेल्या महिन्यात मुलगी पहिल्या पगारातून कानातलं घ्यायला गेली, मी सोबत. तिने बराच वेळ पाहून एक नाजूक, खड्याची जोडी निवडली. आत कोरलं होतं १४. मी म्हटलं, अगं, हे चौदा कॅरेट. ती म्हणाली, ‘‘मग? रोज ऑफिसला घालायचंय, वाकत नाही, परवडतं, छान दिसतं. बावीसचं घेऊन काय लॉकरमध्ये ठेवू?’’ सोन्याचा भाव असा चढलाय की हल्ली चौदा काय, नऊ कॅरेटलाही हॉलमार्क मिळतो. दुकानात गर्दी होती आणि कुणीही तिला पितळ म्हणत नव्हतं.

घरी आल्यावर राहवलं नाही. तिच्या कानातल्याची फिरकी दगडावर हलकेच ओढली. ‘‘बाबा, घासू नको ना!’’ फिकट, जराशी तांबूस रेघ उमटली. शेजारी बायकोची पाटली ओढली. ती रेघ जाड, पिवळीधमक. मुलीने दोन्हींचा फोटो काढला, फिरकी माझ्या हातून काढून घेतली आणि कानात घालून आरशात बघायला गेली. मी दगड पुन्हा लाइटबिलावर ठेवला, रेघांची बाजू वर.